भाताच्या मुलखात कमी तेलाचं ताट

तुमसर तालुक्यातलं चिखला हे खाणीचं गाव, आणि तितकंच धानाचंही. एकीकडे मॉईलची मँगनीजची भूमिगत खाण, तिच्या पाळ्या आणि डबे. दुसरीकडे धानाच्या बांध्या, धुऱ्यावरची तूर, आणि धान निघाल्यावर उरल्या ओलीवर पेरलेली लाखोरी अन् जवस. रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन ‘चरबी वाढली आहे, तेलकट कमी करा’ एवढं ऐकून घरी परतलेल्या इथल्या माणसासाठी हा लेख आहे. डॉक्टरांचं ते वाक्य बरोबर असतं, पण रांगेत अजून चाळीस रुग्ण असताना त्यापुढचं सांगायला त्यांना वेळ मिळत नाही. कमी म्हणजे किती? तेल काढलं तर त्या जागी काय? खाणीत पाळी करणाऱ्याने आणि दिवसभर शिवणयंत्रावर बसणारीने सारखंच कमी करायचं का? आणि फोनवर रोज नवं डाएट सांगणाऱ्यांपैकी ऐकायचं कोणाचं?

माझं मत आधीच सांगते. आपल्या भागात कमी चरबीचा आहार उपयोगी पडायचा असेल, तर तेलाच्या बरोबरीने भाताचा ढीगही उतरला पाहिजे, आणि मोकळी झालेली जागा डाळ, भाजी आणि मासोळीने घेतली पाहिजे. नुसतं तेल कमी करून भूक भागवायला वरणाशी आणखी दोन वाढप भात घेतला, तर गरजेपेक्षा जास्त झालेल्या पिष्टाची यकृत चरबीच करतं. ती रक्तात ट्रायग्लिसराइड म्हणून फिरते आणि यकृतातही साठते. तेल अगदी बेताचं खाऊनही ट्रायग्लिसराइड वाढलेलं निघतं आणि माणूस बुचकळ्यात पडतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

आता गाजलेल्या आहारपद्धती एकेक करून पाहू. मला त्यांच्यात विजेता निवडायचा नाही. चिखल्याच्या स्वयंपाकघरात कशातलं काय टिकेल, एवढंच शोधायचं आहे.

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त घरांत पोचलेली पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांची. तिचं मूळ विदर्भातलंच आहे. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार व्याख्यानांतून मांडत असत. 2004 साली त्यांचं अपघाती निधन झालं. दीक्षितांनी त्या विचाराला नियमांची चौकट दिली. खरी कडकडून भूक कधी लागते ते ओळखायचं, त्या दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा एवढंच, आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. या पद्धतीचा मोठा गुण असा की ती फुकट आहे आणि मोजमाप मागत नाही. दुसरा गुण कमी बोलला जातो: मधलं खाणं बंद झालं की आलूबोंडा, समोसा, फरसाण, बिस्कीट आपोआप सुटतं, म्हणजे तेलही उतरतं. पण जेवणात तेल किती, यावर ही पद्धत बोट ठेवत नाही. दोन वेळच्या जेवणात तर्रीचा रस्सा आणि ताटभर भात असेल, तर ट्रायग्लिसराइडवाल्याचं काम अर्धंच होतं.

इथे एक इशारा आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. सिकलसेलच्या रुग्णाने दीर्घकाळ उपाशी राहणं, त्यातही पाणी कमी पिणं, धोक्याचं आहे. शरीर कोरडं पडलं की दुखण्याचा झटका येऊ शकतो. तसंच इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्यांची साखर दोन जेवणांच्या मधे एकदम खाली जाऊ शकते. या दोघांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन वेळच्या जेवणाचा प्रयोग सुरू करू नये.

दुसरी पद्धत ऋजुता दिवेकरांची. आपल्या मातीतलं, हंगामातलं, आजीच्या ओळखीचं अन्न खा, तांदळाला आणि तुपाला घाबरू नका, थोडं थोडं खा, हा तिचा गाभा. परदेशी पाकिटांच्या नादी लागलेल्या घरांना तिने स्वतःच्या चुलीकडे परत आणलं, आणि हे काम लहान नाही. चिखल्याच्या माणसाला ती सांगेल की तुझी अंबाडी, तुझं जवस, तुझे शिंगाडे कोणत्याही परदेशी बियांपेक्षा कमी नाहीत. ते अगदी खरं आहे. पण तुपाबद्दलची मोकळीक सगळ्यांसाठी नाही. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला आहे, ज्याचं ट्रायग्लिसराइड फार चढलं आहे किंवा ज्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे, त्याने तूप चमच्याने मोजलंच पाहिजे.

कीटोबद्दल थोडक्यात. 1921 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी हा आहार पुढे आला. वजन उतरवण्यासाठी पिष्ट तोडण्याच्या विचाराला 1972 च्या ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने प्रसिद्धी दिली आणि आजचा कीटो त्याच वाटेवरचा. यात दिवसाची सुमारे 70 टक्के किंवा त्याहून जास्त ऊर्जा चरबीतून घ्यायची असते आणि पिष्ट साधारण 50 ग्रॅमच्या आत ठेवायचं असतं. एक वाटी शिजलेल्या भातातच जवळजवळ 40 ग्रॅम पिष्ट जातं. धानाच्या गावात, शेजाऱ्याच्या पंगतीत, पोळ्याच्या सणात हे कोण पाळणार? आणि चरबी कमी करायला सांगितलेल्या माणसाला हा आहार उलट दिशेने नेतो. तो सोडून द्या.

आता कमी चरबीवाले. डॉ. डीन ऑर्निश यांनी 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा पण गाजलेला अभ्यास छापला. एकूण ऊर्जेच्या फक्त 10 टक्के चरबी, शाकाहार, व्यायाम, ध्यान आणि धूम्रपानबंदी हे सगळं एकत्र केल्यावर वर्षभरात हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा किंचित मागे सरकल्याचं त्यात दिसलं. आपल्याकडे डॉ. बिमल छाजेड यांनी ‘झिरो ऑइल’ स्वयंपाक लोकांपर्यंत नेला. पाण्यावर कांदा परतायचा, फोडणीत तेल नाही. हृदयरोग्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे केलं तर त्याला अर्थ आहे. पण संपूर्ण घराने वर्षानुवर्षं बिनतेलाचं खाणं मला पटत नाही. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला थोडी चरबी लागतेच, आणि काही स्निग्धाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही. शिवाय अगदी बिनतेलाचं खाऊन वजन झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

कमी चरबीच्या बाजूने बोलतानाही सत्य लपवायला नको. अमेरिकेत 48,835 स्त्रियांवर केलेल्या दीर्घ अभ्यासाचे निकाल 2006 मध्ये आले. साधारण आठ वर्षं चरबी कमी करूनही हृदयविकार ठळकपणे घटला नव्हता. त्या देशात मधल्या काळात ‘लो फॅट’ असं छापलेली बिस्किटं आणि गोड दही दुकानांत भरून गेली होती, ज्यांत चरबी काढून साखर घातलेली असे. उलट स्पेनमध्ये 2013 साली छापलेल्या (आणि त्रुटी दुरुस्त करून 2018 मध्ये पुन्हा छापलेल्या) भूमध्यसागरी आहाराच्या अभ्यासात ऑलिव्ह तेल आणि सुकामेवा खाणाऱ्या गटांत हृदयविकार व पक्षाघात मिळून कमी आढळले. म्हणजे चरबी किती यासोबत ती कोणती आणि तिच्याबरोबर ताटात आणखी काय, हे प्रश्नही टाळता येत नाहीत.

या सगळ्या वादात मला सर्वांत उपयोगी वाटतो तो स्टॅनफर्ड विद्यापीठाचा 2018 चा अभ्यास. 609 प्रौढांचे दोन गट केले. एकाने चरबी कमी केली, दुसऱ्याने पिष्ट. बारा महिन्यांनी पहिल्या गटाचं वजन सरासरी 5.3 किलोने उतरलं, दुसऱ्याचं 6 किलोने, आणि हा फरक संशोधकांच्या दृष्टीने नगण्य होता. दोन्ही गटांना एक गोष्ट मात्र सारखी सांगितली होती: भाज्या भरपूर खा, मैदा आणि वरून घातलेली साखर टाळा, जमेल तितकं घरी शिजवा. कोणतंही नाव लावा, माझ्या मते काम करणारा भाग तोच. तेव्हा नाव बाजूला ठेवून आपलं ताट बांधू.

किती तेल, हे आधी ठरवू

एक ग्रॅम चरबीत 9 कॅलरी असतात, एक ग्रॅम पिष्टात किंवा प्रथिनात 4. एक लिटर तेलाच्या पुड्यात साधारण 910 ग्रॅम तेल, म्हणजे आठ हजारांवर कॅलरी. चहाचा एक सपाट चमचा तेल म्हणजे सुमारे 5 मिलिलिटर आणि जवळजवळ 40 कॅलरी. भाजीचा मोठा चमचा त्याच्या तिप्पट. सरळ पुड्यातून कढईत धार सोडली तर किती पडलं हे कोणालाच कळत नाही, अनुभवी सुगरणीलाही नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या स्त्रीसाठी दिवसाला 1,660 कॅलरी आणि पुरुषासाठी 2,110 धरल्या आहेत. जड अंगमेहनतीच्या पुरुषाला 3,470. वरून घालायच्या तेल-तुपाची मात्रा बैठ्या स्त्रीला 20 ग्रॅम, बैठ्या पुरुषाला 25, आणि जड काम करणाऱ्या पुरुषाला 40 ग्रॅम. हे निरोगी माणसासाठी. ज्याला चरबी कमी करायला सांगितली आहे त्याच्यासाठी मी बैठ्या कामाला दिवसाला चहाचे तीन चमचे, म्हणजे 15 मिलिलिटर, ही मर्यादा सुचवते. महिन्याचं ते साडेचारशे मिलिलिटर होतं. चार माणसांच्या घराला महिन्याला दोन लिटरच्या आत तेल पुरायला हवं, आणि त्यात लोणचं, पापड, सणाची तळणी सगळं आलं.

पहिल्या महिन्यात काहीच बदलू नका. फक्त नवा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. महिनाअखेरीस पुडे मोजा आणि खाणाऱ्या माणसांनी भागा. हा आकडा तुमच्या घराचं खरं डाएट सांगतो. दुसऱ्या महिन्यापासून एक चतुर्थांश कमी करा, तिसऱ्या महिन्यात आणखी. एकदम निम्म्यावर आणलं तर घरातली पोरं बाहेर खायला लागतात आणि स्वयंपाक करणारीला सगळ्यांची बोलणी बसतात.

तेल कोणतं, यावर आपल्याकडे फार वाद होतात. राइस ब्रॅन तेल चांगलं, शेंगदाण्याचं चांगलं, सोयाबीन-मोहरीही चालतं. दोन-तीन प्रकार आलटून पालटून वापरावेत. पण प्रत्येकात कॅलरी तेवढ्याच. मोहाच्या बियांचं तेल थंडीत थिजतं, कारण त्यात संपृक्त चरबी जास्त आहे. ते कधीमधी ठीक, रोजचं नको. डालडा टाळलेला बरा. एकदा तळून काळपट झालेलं तेल परत परत तापवू नका, हे तर घरालाही लागू आणि टपरीलाही.

ताटात काय, कुठलं

आपल्या भागाचं सुदैव असं की कमी चरबीचं चांगलं अन्न आठवडी बाजारात आणि शेताच्या धुऱ्यावर आहे. पावसाळ्यात तरोटा आणि काटवलं, मग अंबाडी, कोचईची पानं, मुंगण्याच्या शेंगा आणि पाला, हिवाळ्यात पालक, मेथी, लवकी, ढेमसे, वालाच्या शेंगा. मोठ्या माणसाने दिवसाला 400 ग्रॅम भाजी खावी, असं पोषण संस्थेचं 2024 चं ‘माय प्लेट’ सांगतं. त्यात डाळी-कडधान्यांना 85 ग्रॅम, आणि धान्याला 250 ग्रॅमच आहे. आपल्या घरांत हे प्रमाण बहुतेक उलटं असतं: भात मोजून होत नाही आणि भाजी तोंडी लावण्यापुरती.

तूर, मूग, चणा, बरबटी या सगळ्यांत चरबी अगदी कमी आणि प्रथिनं भरपूर. डाळभाजी हा आपला पदार्थ कमी चरबीच्या आहारासाठीच जणू घडवलेला आहे: पालक आणि तुरीची डाळ एकत्र शिजवून एक चमचा तेलात लसूण-मिरचीची फोडणी. ताटात तिचा वाटा वाढवा. लाखोरीबद्दल मात्र सांभाळून. ती आपली जुनी डाळ आहे, पण दुष्काळासारख्या काळात रोज मुख्य अन्न म्हणून ती खाणाऱ्यांचे पाय लुळे पडल्याची उदाहरणं इतिहासात आहेत. अधूनमधून, गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून, इतर डाळींसोबत खावी. रोजची एकमेव डाळ ती नको.

मासोळी ही आपली मोठी ठेव. भंडारा तलावांचा जिल्हा, आणि ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या या तलावांतून अन्न काढलं आहे. रोहू, कतला आणि लहान मासोळीत चरबी थोडी, प्रथिनं चांगली. तीच मासोळी पिठात घोळवून तळली की हिशेब बिघडतो. चिंच-लसणाच्या पातळ रश्श्यात टाका किंवा तव्यावर एका चमच्यात भाजा. वाळलेले झिंगे आणि सुकट स्वस्त आणि चरबी कमी, पण मीठ फार. रक्तदाब असेल तर भिजवून, धुऊन, थोडेच.

जवसाबद्दल मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण ते आपल्याच बांधीतून येऊन आपल्याच ताटातून हद्दपार होत चाललं आहे. पूर्व विदर्भात एकेकाळी खाण्याचं तेल म्हणून जवसाचं तेल घरोघरी असे. या बियांत साधारण चाळीस टक्के तेल आहे आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग ओमेगा-3 प्रकारच्या स्निग्धाम्लाचा. हे स्निग्धाम्ल शरीराला बाहेरूनच मिळवावं लागतं. कमी चरबीच्या आहारात जी थोडी चरबी घ्यायची, ती अशी घ्यावी. जवस मंद आचेवर हलकं भाजून, लसूण, मिरची, मीठ घालून भरडसर कुटा. दिवसाला दोन चहाचे चमचे चटणी पुरे. अख्खं जवस खाल्लं तर बरंच न पचता निघून जातं, आणि कुटून महिनोन्‌महिने ठेवलं तर खवट होतं, आठवड्यापुरतंच करा.

शिंगाडे हंगामात उकडून रस्त्याच्या कडेला मिळतात. त्यांत चरबी जवळजवळ नाहीच, पण पिष्ट आहे. म्हणून शिंगाडे खाल्ले त्या वेळी भात कमी. मक्याचं कणीस, आलू, साबुदाणा यांनाही हाच नियम. उपासाच्या साबुदाणा खिचडीत तेल आणि शेंगदाण्याचा कूट मिळून चरबीचा मोठा डोस असतो. त्याऐवजी भगर आणि ताक घ्या.

दूध गाईचं किंवा टोन्ड. म्हशीच्या दुधात 6 ते 7 टक्के चरबी असते, गाईच्या 3 ते 4 टक्के. म्हशीचंच येत असेल तर तापवून, गार करून साय काढा. ती साय साठवून तूप केलं आणि तेच पोळीवर घेतलं, तर काढलेली साय ताटातच परतते.

बैठं काम करणाऱ्या स्त्रीचा एक दिवस असा मांडता येईल. सकाळी कमी साखरेचा अर्धा कप चहा. न्याहरीला 60 ग्रॅम कोरड्या पोह्यांचे पोहे, एका चमचा तेलात, त्यात टमाटर, वाटाणे, वरून लिंबू आणि सांबार, बाजूला वाटीभर उकडलेले चणे, तर्री नको. दुपारी 75 ग्रॅम तांदळाचा भात, म्हणजे शिजून दीड वाटीच्या आसपास, दाट वरण किंवा डाळभाजी, दोन वाट्या भाजी, काकडी-मुळा आणि ताक. संध्याकाळी मूठभर फुटाणे, 15 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि एखादा पेरू. रात्री ज्वारीची भाकर किंवा बिनतेलाचे दोन फुलके, भाजी, पातळ डाळ किंवा मासोळीचा रस्सा, जवसाची चटणी. यात वरून घातलेलं तेल तीन चमचे, धान्य-डाळ-दूध-दाणे यांतली दडलेली चरबी धरून दिवसाचा आकडा 35 ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे ऊर्जेच्या सुमारे 20 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेची 30 टक्क्यांची मर्यादा आणि ऑर्निश यांचे 10 टक्के, या दोहोंच्या मधला हा रस्ता वर्षानुवर्षं चालता येतो.

खाणीतल्या माणसाचा डबा

ज्या पुरुषाचं काम भूमिगत खाणीत जड अंगमेहनतीचं आहे, त्याला वरचं ताट जसंच्या तसं देऊ नका. तो दमेल, चिडेल आणि कॅन्टीनमधल्या भज्यांवर तुटून पडेल. त्याला धान्य जास्त लागतं, डाळ दीडपट लागते आणि तेलही पाच-सहा चमचे चालतं. डब्यात भाकरी किंवा पोळ्या, घट्ट डाळ किंवा बरबटीची उसळ, अंडी, कांदा, आणि वेगळ्या पिशवीत फुटाणे-गूळ. भूमिगत भागात उष्मा आणि घाम असतो, म्हणून पाणी आणि मीठ घातलेलं ताक भरपूर. यंत्र चालवणाऱ्याचं किंवा कार्यालयात बसणाऱ्याचं काम मात्र जड धरू नये. पगाराच्या कागदावर खाण लिहिलं म्हणून शरीराला 3,470 कॅलरी लागत नाहीत.

रात्रपाळी हा वेगळा प्रश्न आहे. मध्यरात्री पोट जड अन्न नीट हाताळत नाही आणि रक्तातली साखर-चरबी जेवणानंतर जास्त वेळ चढून राहते. मुख्य जेवण पाळीवर जाण्याआधी करा, पाळीत मूग किंवा चण्याची उसळ, फळ, ताक एवढंच ठेवा, आणि सकाळी घरी आल्यावर हलकी न्याहरी करून झोपा. परतताना टपरीवर समोसा खाऊन मग झोपणं ही सवय आधी मोडा.

फोडणीचे काही बदल

आपला रस्सा तेलाने दिसतो, पण चवीला तो मसाल्याने आणि भाजण्याने येतो. कांदा एका चमचा तेलात घालून झाकण ठेवा, करपायला लागला की पाण्याचा हबका मारा. वेळ थोडा जास्त लागतो, रंग तोच येतो. मसाला कोरडा भाजून वाटा. सुक्या खोबऱ्याच्या वाटणाकडे विशेष लक्ष द्या: त्यात साठ टक्क्यांहून जास्त चरबी आहे, त्यामुळे ‘तेल कमी घातलं’ म्हणत खोबरं-तीळ-खसखशीचं वाटण घातलेला सावजी रस्सा कमी चरबीचा होत नाही. दाटपणासाठी भाजलेलं बेसन किंवा फुटाण्याचं पीठ वापरा. कोचईच्या पानांची वडी उकडून तशीच खा, फार तर फोडणीत परता. पाटोडी रश्श्यात सोडायची असते, तळायची गरजच नसते. वडाभातावर फोडणीची वाटी ओतायची प्रथा आहे. ती वाटी ताटाजवळ चमच्यासह ठेवा, ज्याने त्याने एक चमचा घ्यावा. भरताला कच्चं तेल वरून घालतात, तिथेही एक चमचा सगळ्या ताटाला पुरतो, कारण कच्च्या तेलाचा वास आधीच पुढे येतो.

कोणासाठी हे नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. दोन वर्षांखालच्या बाळाचं तेल-तूप कमी करू नये. आपल्या पट्ट्यात वजन कमी असलेली पोरं आजही अंगणवाडीत दिसतात आणि त्यांच्या मऊ भातावर चमचाभर तेल घालणं योग्यच आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने, क्षयरोगाचे उपचार घेणाऱ्याने, आणि अशक्तपणाने वजन उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाने हा आहार धरू नये. घरात सासऱ्यांना चरबी कमी सांगितली म्हणून सुनेने आठव्या महिन्यात कोरडं खावं, असं होऊ देऊ नका. एकाच कढईतून भाजी काढून, ज्याला गरज आहे त्याच्या ताटात वेगळा चमचा तूप घालता येतं.

गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने थांबवू नका. आहार गोळीला मदत करतो. गोळी कमी करायची की नाही ते तपासणी पाहून डॉक्टर ठरवतील. सुरू करण्यापूर्वी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल आणि साखर तपासून घ्या, आणि तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करा. ट्रायग्लिसराइड उतरलं नसेल तर तेलाच्या आधी भात, साखर आणि दारूचा हिशेब पाहा. यांपैकी एक तरी बहुतेक वेळा सापडतं.

पुढच्या महिन्याचा किराणा भरायला तुमसरला जाल, तेव्हा यादीत तेलाचे लिटर माणसांप्रमाणे मोजून लिहा, आणि तेलातून वाचलेल्या पैशांची डाळ घ्या.